मागच्या सीटचा आवाज

त्याला सगळे वैद्य म्हणायचे ते त्याच्या कानामुळे. औषधांशी त्याचा संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरताच होता. पण तरुणपणी, म्हणजे अंगावर ग्रीस आणि डोक्यावर केस दोन्ही भरपूर होते तेव्हा, तो एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग डोळे उघडून म्हणायचा, "व्हॉल्व्ह." किंवा, "क्लच." किंवा कधीमधी, "हिला काही झालेलं नाही, मालकाला झालंय." आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

या कानाची ख्याती ऐकूनच मोटारसायकलींच्या मोठ्या शोरूमनं त्याला उचललं. उचलल्यावर अशी मंडळी जे करतात तेच केलं. ज्या कामासाठी आणला ते काम त्याच्याकडून काढून घेतलं. त्याला पांढरा शर्ट दिला, एक पेन दिलं आणि सुपरवायझर म्हणून सर्व्हिसिंगच्या शेडच्या तोंडाशी काउंटरवर उभा केला. आता त्यानं गाड्यांचं ऐकायचं नव्हतं, गाड्यांच्या मालकांचं ऐकायचं होतं. फरक इतकाच की गाडी खोटं बोलत नाही आणि मालकाला स्क्रूड्रायव्हर लावता येत नाही.

पांढऱ्या शर्टात माणूस हळूहळू शहाणा होतो. वैद्यही झाला. इथे नीट दुरुस्त झालेल्या गाडीचं कौतुक नसतं, परत न आलेल्या गाडीचं असतं, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं. आणि सर्वांत जास्त गाड्या परत यायच्या त्या चेनच्या खडखडीपायी. चेन सैल, कव्हरला आपटते, आत्ताच तर सर्व्हिसिंग केलं, तुम्ही करता काय, वगैरे. मॅनेजर काचेच्या केबिनमधून भुवया उंचावून बघायचा. मग एके दिवशी वैद्यानं शेडमध्ये जाऊन मेकॅनिकांना सांगून टाकलं, "चेन जरा ताठच ठेवत जा रे."

आता मोटारसायकलची चेन थोडी सैलच असावी लागते. स्टँडवर उभी असताना मागचं चाक लोंबतं. माणसं बसली की ते वर दबतं आणि चेन ताणली जाते. तो ताण पोटात घालायला आधी थोडी ढील ठेवायची असते. हे वैद्याला गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण झोपेतून उठवून कुणी विचारलं नाही, आणि जागेपणी त्याला सोय दिसली. खडखड बंद झाली. मॅनेजरच्या भुवया जागेवर आल्या.

कुणी म्हणेल, गाडी परत देण्याआधी चालवून बघत नसत का? बघत. ते काम काडी करायचा. काडी हा चांगला दोन मुलांचा बाप, पण अंगानं असा की त्याचा शर्ट वाळत घातला काय आणि त्यानं घातला काय, दुरून सारखंच दिसावं. तो गाडीवर बसला तरी गाडीला पत्ता लागत नसे. एक चक्कर मारून यायचा, अंगठा वर करायचा, गाडी पास. मागे कुणाला बसवून चक्कर मारावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पेट्रोल गिऱ्हाइकाचं जायचं, पण तेवढा वेळ कुणालाच नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वैद्याच्या थोरल्या भावानं गाडी सर्व्हिसिंगला दिली.

दादा छापखान्यात होता. मशिनीच्या धडधडीनं त्याचा उजवा कान जवळजवळ नेला होता आणि उरलेल्या डाव्या कानानं तो जगाशी कामापुरता संबंध ठेवून होता. वहिनी कपड्यांच्या दुकानात आल्टरेशनच्या टेबलावर बसायची. कंबरा सैल करणं, बाह्या आखूड करणं, दुसऱ्याच्या अंगाचा कपडा तिसऱ्याच्या अंगाला बसवणं. ती लग्न होऊन आली तेव्हा वैद्य शाळेत होता आणि आई नुकतीच गेली होती. त्याच्या शर्टाची बटणं, तापातली जागरणं, नापास झाल्यावर वडिलांसमोर उभं राहणं, हे सगळं वहिनीच्या वाट्याला आलं. अंगानं ती आधीपासूनच भरलेली. आवाजानंही.

घर लहान. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात दादा-वहिनी, वैद्य, वैद्याची बायको, दोन पोरं आणि बाहेरच्या खोलीत वडील. वडील आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते आणि निवृत्त झाल्यावरही घरातला प्रत्येक कॉल तेच जोडत. स्वयंपाकघरात कुणी हळू आवाजात "मीठ कमी झालंय का" म्हणालं, तर बाहेरून उत्तर यायचं, "मला तर बरोबर लागलं."

अशा घरात नवराबायकोनं बोलायचं कुठं? दादा-वहिनी गाडीवर बोलायचे. सकाळी दादा तिला दुकानात सोडायचा, संध्याकाळी आणायचा. ती डाव्या खांद्यावरून पुढे वाकून त्याच्या चांगल्या कानात बोलायची आणि तो हूं हूं करायचा. कुणाच्या नात्यात काय झालं, कुणाला काय द्यायचं, वडिलांचे डोळे दाखवायचे की नाही, सगळे ठराव त्या रस्त्यावर पास झालेले. घरी पोचेपर्यंत विषय संपलेला असायचा, म्हणून घरात सगळ्यांना वाटायचं की या दोघांचं फारसं बोलणंच नसतं.

आणि त्या दिवसांत दादाला सांगण्यासारखं काहीतरी होतं. छापखान्यात जुनी मशिनं काढायचं चाललं होतं आणि जुन्या माणसांचं काय, हे मालक स्पष्ट बोलत नव्हता. दादानं वहिनीला एवढंच सांगितलं, "मला वाटतं, मीच आधी सोडावं." ती म्हणाली, "म्हणजे?" आणि दुकान आलं. उरलेलं उद्या बोलू, असं ठरलं. उद्या गाडी सर्व्हिसिंगला गेली.

परत आली ती धुतलेली, पुसलेली आणि ताठ चेनची. पहिल्याच दिवशी वहिनी मागे बसली आणि गाडी खालून कण्हायला लागली. वेग वाढवला की कण्हणं वाढायचं, मध्येच दात खाल्ल्यासारखा करकर आवाज यायचा. बोलणं अशक्य झालं. एक कान आधीच गेलेला, उरलेल्यात करकर. शनिवारी दोघं गाडी घेऊन शोरूमवर आली.

शनिवारी काउंटरवर झुंबड असते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरलेल्या, उरलेले उभे, सगळ्यांच्या हातात हेल्मेट आणि चेहऱ्यावर उशीर. वैद्य फॉर्मात होता. अशा गर्दीत तो जरा नटासारखा व्हायचा. तक्रारीवर एखादा टोला हाणला की माणसं हसतात आणि हसलेला माणूस भांडत नाही, हे त्याचं अनुभवाचं शास्त्र होतं.

दादा म्हणाला, "एकट्यानं चालवली की गप्प असते. ही बसली की रडते."

"मी नाही, गाडी," वहिनी म्हणाली. "भावोजी, जरा बघा बरं. नीट बघा."

वैद्यानं एकट्यानं चक्कर मारली. गाडी गप्प. मग वहिनीला मागे बसवून मारली आणि शेडपासून कोपऱ्यापर्यंत ती करकर त्यानं ऐकली. पूर्वीचा वैद्य असता तर तिथंच थांबून, खाली वाकून चेनला बोट लावलं असतं. आताचा वैद्य गाडी वळवून काउंटरपुढे आला. अजून सतरा जणांची कामं होती. कुणीतरी खुर्चीवरून विचारलं, "काय निघालं साहेब?"

"गाडी ठणठणीत आहे," वैद्य म्हणाला. "लोड जास्त होतोय."

दोन-तीन जण हसले. तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण हशा पिकला की माणसाला पुढचं वाक्य आवरत नाही. वैद्यानं मागच्या सीटकडे अंगठा केला आणि दादाला म्हणाला, "दादा, हिच्या पुढच्या भागाचं सर्व्हिसिंग आम्ही करतो. मागच्या सीटचं आमच्याकडे होत नाही."

सगळं काउंटर हसलं. काडीही हसला. वहिनीसुद्धा हसली. हसल्याशिवाय त्या गाडीवरून उतरणं जमलं नसतं, म्हणून हसली असेल. उतरली, ओढणी नीट केली आणि दादाला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मला जरा वाटेत काम आहे."

वाटेत काही काम नव्हतं. ती पायी घरी आली.

त्या दिवसापासून वहिनी गाडीवर बसली नाही. सकाळी लवकर निघायची, बसनं जायची, बस गच्च असली की चालत. कुणी विचारलं तर म्हणायची, "चालणं बरं असतं. डॉक्टरही तेच सांगतात." कुठल्याही डॉक्टरनं तिला काही सांगितलेलं नव्हतं. जेवताना ती दुसऱ्यांदा वाढून घेईना. संध्याकाळी पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून बसायची आणि दुकानातल्या बायका म्हणायच्या, बारीक झालात हो, काय केलंत?

दादा भोळा. तो एकदा वैद्याला म्हणाला, "मी तिला सांगितलं, मनाला लावून घेऊ नकोस. तो म्हणतोय म्हणजे तसंच असणार, त्याचा कान आहे." वैद्याला क्षणभर वाटलं, दादानं दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आणखी एक गोष्ट झाली, ती घरात फक्त वैद्याच्या लक्षात आली. वहिनी चारचौघांत त्याला "भावोजी, तुम्ही" म्हणायची, ती रीत होती. पण घरात तो तिच्या हाताखाली वाढलेला पोरगा होता. "अरे गाढवा, टॉवेल ओला टाकलास पुन्हा" असं ती त्याच्या पोरांदेखत म्हणायची. आता ती घरातही म्हणू लागली, "भावोजी, तुमचा टॉवेल." ओला टॉवेल उचलून दोरीवर घालायची आणि जायची. आपल्या भाषेत माणसाला घराबाहेर काढायला दार उघडावं लागत नाही. वैद्य त्याच घरात, त्याच ताटावर बसून पाहुणा झाला.

दादा-वहिनी स्वयंपाकघरात बोलायचा प्रयत्न करताना त्यानं एकदा पाहिलं. दादा म्हणाला, "ते छापखान्याचं..." आणि बाहेरून वडील, "काय झालं छापखान्याचं?" "काही नाही," दादा म्हणाला. आणि खरंच काही झालं नाही. वहिनी कांदा चिरत राहिली. अर्ध्यावर राहिलेलं बोलणं तसंच अर्ध्यावर राहिलं. वैद्याला ते काय होतं हे माहीत नव्हतं, पण काहीतरी अडकलंय आणि त्याचं बूच आपण आहोत, एवढं कळत होतं.

तरीही तो आणखी काही दिवस गप्प बसला असता. माणूस अपराधाच्या शेजारी बराच काळ सुखानं राहू शकतो, फक्त त्याच्याकडे बघायचं नाही. पण त्याच्या स्कूटरचं चाक पंक्चर झालं आणि बायकोला तिच्या आजारी मावशीकडे न्यायचं होतं, म्हणून त्यानं दादाची गाडी काढली.

वैद्याची बायको, घरातली धाकटी, चणीनं काडीची बहीण शोभेल अशी. ती मागे बसली आणि कोपरा ओलांडायच्या आत गाडी कण्हायला लागली.

धाकटी पुढे वाकली. मग म्हणाली, "थांबवा जरा."

त्यानं थांबवली.

"आता सांगा. मी किती खाते?"

"अगं, ते..."

"नाही, सांगा ना. मागच्या सीटचं सर्व्हिसिंग तुमच्याकडे होत नाही म्हणे. काडीच्या बायकोनं मला सांगितलं, तिला काडीनं सांगितलं. दोघी मिळून हसावं म्हणून सांगत होती बिचारी. मला हसू येईना."

"उतरू नकोस, बसून राहा," वैद्य म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसला. चेनला बोट लावलं. बोटाखाली ती तसूभरही हलली नाही. तंबोऱ्याची तार असावी तशी ताठ. त्याला नवल वाटलं नाही, हीच खरी वाईट गोष्ट होती. शेडपासून कोपऱ्यापर्यंतच्या त्या पहिल्या चकरेतच त्याच्या कानानं हे सांगितलं होतं. कानाचं त्यानं ऐकलं नव्हतं, खुर्च्यांवरच्या लोकांचं ऐकलं होतं.

"निघालं का काही?" धाकटीनं वरून विचारलं.

"निघालं."

"मग मला काय सांगता? जिला सांगायचं तिला सांगा."

वैद्यानं तिला सांगितलं नाही. चूक कबूल करण्याआधी ती गुपचूप मिटवता येते का हे माणूस एकदा बघतोच. रविवारी सकाळी, सगळे आंघोळीच्या रांगेत असताना, त्यानं जिन्याखाली गाडी घेतली, मागच्या चाकाचा नट सोडला आणि चेन अंदाजानं सैल केली. हात धुतले. दादाला म्हणाला, "गाडी झाली. आता बसव वहिनीला."

"बसत नाही ती," दादा म्हणाला. "आणि तू काय केलंस रे? आता मी एकटा असलो तरी वाजते."

खरंच वाजत होती. इतके दिवस ताणून चालवल्यानं चेन वाकडीतिकडी वाढली होती, एका ठिकाणी ताठ तर पुढे ढिली. सैल केल्यावर ढिला भाग कव्हरला आपटत होता. म्हणजे आता दोघं बसली की करकर आणि एकटा असला की खडखड. वैद्याच्या दुरुस्तीनं गाडीची उरलेली शांतताही घालवली होती.

चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं नवी घालणं भाग होतं. ते आणणं अवघड नव्हतं. अवघड होतं त्यानंतरचं. नव्या चेनची ढील नीट बघायची तर रोज जी माणसं बसतात तीच गाडीवर बसवून बघायची. म्हणजे दादा पुढे, वहिनी मागे आणि वैद्य खाली. वाळूची पोती ठेवून काम भागलं असतं. पण किती पोती, हे ठरवायचं म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, आणि तो कुणाला विचारायचा?

तो स्वयंपाकघरात गेला. वहिनी ओटा पुसत होती.

"वहिनी, गाडीत दोष होता."

"कुठल्या?"

"दादाच्या. चेन आम्हीच फार ताठ केली होती. मीच शेडमध्ये सांगितलं होतं, तशी करा म्हणून. सगळ्याच गाड्यांना. तुमच्या बसण्याचा काही संबंध नव्हता. म्हणजे, संबंध आहे, पण तसा नाही. कुणीही बसलं असतं तरी..."

"घरात कशाला सांगता, भावोजी?" ती ओटा पुसतच म्हणाली. "घरात कोण हसलं होतं?"

"कोण हसलं?" बाहेरच्या खोलीतून वडील.

"कुणी नाही, मामंजी," वहिनीनं मोठ्यानं सांगितलं आणि फडकं पिळलं. मग आवाज उतरवून बोलली. "माझ्याकडे दिवसभर माणसं माप द्यायला येतात. बाया येतात, पोट सुटलेले पुरुष येतात. टेप लावते, आकडा बघते आणि लिहून टाकते. इतक्या वर्षांत एकदाही तोंडानं बोलले नाही. शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असतं ना. त्याला कशाला कळायला हवं?"

 वैद्याला जे सुचत होतं ते सगळं काउंटरवरचं होतं.

"नवी चेन आणलीय," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही बसल्याशिवाय तिचं माप होत नाही."

"म्हणजे आता काट्यावर बसवणार मला."

"मी खाली बसेन. शनिवारी. काउंटरपुढेच."

 तिनं फडकं दोरीवर टाकलं.

शनिवारी दादा गाडी घेऊन आला तेव्हा एकटाच होता. वैद्यानं पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, गाडी काउंटरच्या अगदी पुढे घेतली आणि मेकॅनिक बघत असताना स्वतः जुनी चेन उतरवली. बऱ्याच काळानं त्याचे हात काळे झाले. खुर्च्यांवरच्या लोकांना बरं वाटलं, काहीतरी बघायला मिळालं. नवी चेन चढली, नट हातानं आवळले, आणि मग काम थांबलं. दादा घड्याळाकडे बघत होता, वैद्य रस्त्याकडे.

वहिनी बसनं आली. दुकानात जाताना घालते ते कपडे, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी टेप. लोकांच्या मधून वाट काढत ती गाडीपाशी आली आणि म्हणाली, "बसू?"

"बसा," वैद्य म्हणाला.

दादा पुढे बसला, ती मागे. फोटोग्राफरकडे बसतात तशी ताठ, नजर समोरच्या भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीवर. वैद्य फरशीवर बसला, मग आडवा झाला, कारण बसून नीट दिसेना. चेनला खालून बोट लावलं. जरा ताठ होती. त्यानं नट फिरवला, पुन्हा बोट लावलं. आणि फरशीवरूनच, चेनकडे बघत, जरा मोठ्यानं बोलायला लागला.

"मागे मी इथंच वहिनींना म्हणालो होतो की लोड जास्त होतोय. ते खोटं होतं. चेन आम्ही ताठ केली होती. मी सांगितलं होतं करायला, खडखडीची तक्रार नको म्हणून. यांच्या बसण्यात काही खोट नव्हती. खोट आमच्या कामात होती आणि वर मी चेष्टा केली."

 वैद्याला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि आपल्याला बरं वाटेल. कुणी हसलं नाही. खुर्चीवरच्या एका बाईनं शेजारच्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"बघा! मी काय सांगत होते? मी बसले की आवाज येतो, मी बसले की आवाज येतो!"

"अगं, हळू..."

"हळू का? मला सहा महिने रिक्षानं फिरवलंत!"

मग एकदम चारी बाजूंनी सुरू झालं. आमचीही इथंच केली होती. आमच्या आईला यांनीच विचारलं होतं, वजन किती. साहेब, आमची बघा. आमची आधी. काडी भिंतीला टेकून उभा होता, तो आणखी बारीक झाल्यासारखा वाटला. काचेच्या केबिनचं दार उघडलं आणि मॅनेजर बाहेर आला. सगळं काउंटर गाडीवर बसलेल्या एका बाईकडे आणि तिच्या पायाशी आडव्या झालेल्या आपल्या सुपरवायझरकडे बघतंय, हे दृश्य त्याला पटकन उमगेना.

"तुम्ही खाली काय करताय?"

"चेन बघतोय, साहेब."

"लोकांसमोर काय बोलताय म्हणतो मी."

"तेही चेनचंच," वैद्य म्हणाला. "सोमवारी काय ते बोला. आता नट आवळायचाय."

त्यानं नट आवळला. बोटानं शेवटचं बघितलं. चेन हवी तेवढीच हलली, ना कमी ना जास्त. फार दिवसांनी त्याच्या हातून एक काम जसं व्हायला हवं तसं झालं होतं, आणि त्याचा आनंद दाखवायला त्याला तोंड नव्हतं.

"झालं," तो म्हणाला. "दादा, चक्कर मारून बघा दोघं."

वहिनी खाली उतरली.

"बसा ना वहिनी. आवाज येणार नाही आता."

"माप झालं ना तुमचं?" ती म्हणाली. "मग झालं. मी आले ते चेनसाठी." तिनं फरशीवर पसरलेल्या वैद्याकडे, त्याच्या काळ्या झालेल्या शर्टाकडे बघितलं. "ऊठ आधी, मूर्खा. तो शर्ट धुऊन निघायचा नाही आता." आणि निघाली.

वैद्य उठला. दादा गाडीवर बसून होता, चावी हातात. त्यानं धाकट्या भावाकडे बघितलं, जाणाऱ्या बायकोकडे बघितलं, आणि मग तो खाली उतरला. इंजिन चालूच न करता, हँडल धरून गाडी ढकलत तिच्या मागे निघाला. गेटपाशी त्यानं तिला गाठलं आणि बाजू बदलून तिला आपल्या डाव्या हाताला घेतलं. दोघं रस्त्याच्या कडेनं चालू लागली, मध्ये गाडी. दादा काहीतरी सांगत होता. हात हँडलवर अडकलेले, त्यामुळे हनुवटीनं सांगत होता. ती मध्येच थांबली, काहीतरी विचारलं, तो बोलला, पुन्हा चालू लागली. आवाज न करणारी गाडी कुणी न बसता चालली होती.

पुढे रस्त्याला चढ लागतो. तिथं दादाला धाप लागली. वैद्याला काउंटरवरून एवढंच दिसलं की वहिनीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, गाडीकडे बोट दाखवलं आणि त्यानं चावी लावली. ती मागे बसली ती दादाच्या दमापायी. वैद्याच्या माफीपायी नव्हे. हा फरक त्याला नीट कळला आणि तो त्यानं कुणाला सांगितला नाही.

मॅनेजर केबिनमध्ये परत गेला होता आणि कुणाशी तरी फोनवर बोलत होता, मधूनमधून काचेतून वैद्याकडे बघत. सोमवारी काय होणार ते सोमवारी होणार होतं. रांग मात्र आज होती. वैद्यानं हात पुसले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मध्यम वयाचा गृहस्थ, स्वच्छ गाडी, एकटाच.

"मागे कोण बसतं?" वैद्यानं विचारलं. हा प्रश्न त्या काउंटरवर पहिल्यांदाच विचारला जात होता.

"मिसेस बसायच्या. आता नाही बसत. गेल्या वर्षी तुमच्याकडूनच..." गृहस्थ जरा घुटमळला. "म्हणजे तुम्हीच म्हणाला होतात. काहीतरी गमतीनं."

काय म्हणालो होतो हे वैद्याला आठवेना. त्यानं डोक्याला खूप ताण दिला. असं किती जणांना, काय काय म्हटलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. म्हणणारा विसरला होता. ऐकणारी बहुधा विसरली नसावी.

"त्यांना घेऊन या," तो म्हणाला. "त्या बसल्याशिवाय माप होत नाही."

"माझं ऐकायची नाही ती." गृहस्थानं खिशातून मोबाइल काढला, घरच्या फोनचा नंबर लावला आणि काउंटरवरून पुढे केला. "तुम्हीच सांगा."

वैद्यानं फोन कानाला धरला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग कुठल्या तरी घरात एका पोरानं फोन उचलून आईला हाक मारली, पाण्याचा नळ बंद झाला, पावलं जवळ आली आणि एका बाईचा आवाज म्हणाला, "हं, बोला. कोण बोलतंय?"